उंबरापुढचं कडवं

नातीचं लग्न ठरलं आणि सगळ्यांनी धवला माझ्यावर टाकला. धवला म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नात बायका मांडवात बसून म्हणतात ते गाणं. आधी मोठी जाऊ पुढे बसून म्हणायची, मी मागून ओळ ओढायची. ती वारली. मागून ओढणारीला वाटतं, आपल्याला सगळं येतं. पुढे बसल्यावर कळतं. गाण्यात मांडवाच्या उंबराची फांदी दारात येईपर्यंत मी नीट गेले. त्यापुढे कुठल्या देवाला आधी बोलवायचं, तेच आठवेना. हा क्रम चुकला तर म्हाताऱ्या मांडवातच तोंडावर बोलतात. मीही बोलले आहे.

मुलाने फार वर्षांपूर्वी आम्हा दोघींचं गाणं कॉम्प्युटरमध्ये घेतलं होतं. तो कॉम्प्युटर कोन गावच्या घरून नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये आला आणि जुन्या लुगड्याखाली पडून राहिला. आता चालू केला तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची आणि पुन्हा बंद. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट करतो.

"आतलं राहील?" सुनेने विचारलं.

"गॅरंटी नाही."

तिने कॉम्प्युटर उचलला आणि घरी आणला.

रविवारी तिने त्याला पेनड्राइव्ह लावला. आतलं बिघडलंय, तर बाहेरून पेनड्राइव्हवर चालू करू आणि गाणं काढून घेऊ, म्हणाली. चालू होताना एक बटण दाबत राहायचं, मग पडद्यावर पेनड्राइव्हचं नाव यायला हवं. येईना.

"आई, पुढच्या खाचेत काय अडकलंय हे?"

तिने वायर काढून सुईने उकरलं. लाल तांदूळ निघाला.

"अक्षता!"

"दसऱ्याची आहे," मी म्हटलं. "कोयत्याला वाहते, स्कूटरला वाहते, याला काय उपाशी ठेवू?"

"स्कूटरच्या टाकीत नाही ना टाकलीत?"

"झाकण उघडं असतं तर पडली असती."

पूजा केली ती चूक, असं मला अजून वाटत नाही. तांदूळ भोकात गेला, एवढंच.

खाच आतून वाकली होती, म्हणून तिने पेनड्राइव्ह मागच्या बाजूला लावला. नाव आलं. ते निवडलं तर नुसती एक रेघ लुकलुकत राहिली. जेवणं झाली तरी तेच. मग सुनेच्या लक्षात आलं. पेनड्राइव्ह तिने नव्या मशीनच्या पद्धतीने बनवला होता, या जुन्याला त्यात सुरुवात कुठे आहे तेच सापडत नव्हतं. तिने आपल्या लॅपटॉपवर तो जुन्या पद्धतीने पुन्हा बनवला. मला एवढंच कळलं, की कॉम्प्युटर ढ नव्हता. जिथे बघायला शिकवलं होतं तिथेच बघत होता. शाळेत आम्हीही तसंच शिकलो.

या वेळी चालू झाला. गाणं सापडलं.

जावेचा आवाज आला. उंबर दारात आला, आणि ती सरळ कुलदेवीला बोलवायला निघाली. तेवढ्यात दुसरा आवाज मधे ओरडला, "थांब बाय! आधी गावदेवी नाय का? वेस वलांडल्याबिगर घरात कोन येल?"

"मंग तूच बोल," जाऊ म्हणाली. पुढचं कडवं त्या दुसऱ्या आवाजानेच म्हटलं, न अडखळता.

"हे कोण?" सुनेने विचारलं.

"मी."

"म्हणजे तुम्हाला येत होतं!"

"ती पुढे असली की येत होतं."

बोलून गेले आणि मग त्याचा विचार करत बसले. मला धवला पाठ नव्हताच. मला तिची चूक काढता येत होती, आणि ती काढताना बरोबर ते तोंडात यायचं. आता चुकायला मीच पुढे, आणि मागे कोणी नाही.

"तू मागे बस मांडवात," मी सुनेला म्हटलं.

"मला कुठे येतं, आई?"

"शीक. मी चुकले की ओरड."

तिने गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. त्याच दुपारी ती माझ्यावर दोनदा ओरडली. एकदा तिचं बरोबर होतं.