खाली घेण्याचा इशारा

भिलाईची पहिली भट्टी मी उभी केली. म्हणजे लोखंड क्रेननं उचललं, क्रेन धनराजनं चालवली, मी खाली उभा राहून नुसता हात वर-खाली केला. पण हात माझाच होता! आमच्या गँगचे किस्से शेडमागच्या भंगारासारखे साचलेत. एक ओढला की चार अंगावर येतात. आज भोंग्याचे ओढतो.

*

भोंग्या म्हणजे आमचा कुत्रा. पिल्लू असताना सिमेंटच्या गोण्यांमागं सापडला. शिफ्टचा भोंगा वाजला की हाही तोंड वर करून सूर लावायचा, म्हणून भोंग्या.

आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत नवीन बिऱ्हाड आलं की मी सांगायचो, हा कंपनीचा स्पेअर भोंगा आहे, बिजली गेली की हाच वाजतो. गोंदियाकडचे एक भाऊ खरंच विचारायला आले, ''याले पगार काय देते जी?''

''अर्धी पोळी. ओव्हरटाइमची पूर्ण.''

*

एका रशियन साहेबाला मी दुभाष्याकरवी कळवलं, हा आमचा सेफ्टी इन्स्पेक्टर. साहेब वाकला, भोंग्याचा पंजा हातात घेतला, गंभीर तोंडानं काहीतरी बोलला.

दुभाष्या म्हणाला, ''साहब पूछ रहे हैं, आपके सिर पर हेल्मेट नहीं है, तो इन्होंने टोका क्यों नहीं?''

*

कामाचा एक नियम होता. लोड हवेत लटकलेला असला की 'थांब' कोणीही म्हणावं. झाडूवालीनं हात आडवा केला तरी क्रेन थांबलीच पाहिजे. पण 'खाली घे' हा इशारा एकाच माणसाचा, आणि तो माणूस मी. माझं बोट खाली गेल्याशिवाय धनराज प्रत्यक्ष मोठ्या साहेबाचंही ऐकायचा नाही. घरी याची इतकी फुशारकी मारली की माझ्या बायकोला, सरूलाही तोंडपाठ झालं.

*

मग भोंग्याचे मागचे पाय गेले. अंगाला जखमा पडल्या, कूस बदलली की विव्हळायचा. सरू त्याला पोत्यावर घेऊन अंगणात सावली सरकेल तशी सरकवायची. आम्हाला लेकरू नव्हतं, हे लाइनीत सगळ्यांना माहीत होतं. मीसुद्धा त्यावर कधी मस्करी केली नाही.

दुर्गहून ढोरांचा डॉक्टर आणला. त्यानं हात फिरवला नि म्हणाला, आता औषध नाही, सुई देऊन सोडवता येईल, पण घरच्यांनी सांगायला पाहिजे. मी म्हटलं, ''आधी या धनराजले द्या, हा जास्त भुंकते.''

कोणीच हसलं नाही. धनराजनं डॉक्टरसमोर हात आडवा केला. ''आज नोको. सकाळी शेपूट हालवली त्यानं.''

डॉक्टर परत गेला.

*

धनराज नदीवरून मासा घेऊन आला. भोंग्यानं चाटला आणि तोंड फिरवलं. धनराज पाणी प्यायला आत गेला, तेवढ्यात मी मासा मागच्या नालीत फेकला आणि ओरडलो, ''खाल्ला रे, खाल्ला!'' धनराज नाचायचा बाकी राहिला.

त्यानंतर तो रोज मासा आणायला लागला. रोज मी नालीत फेकायचो. लाइनीतल्या मांजरी तेवढ्या जाड झाल्या.

*

डॉक्टर दुसऱ्यांदा आला तेव्हा हात मी आडवा केला. तो गेल्यावर माझी सगळ्यात जुनी मस्करी काढली. दोन्ही हात तोंडाशी धरून शिफ्टचा भोंगा वाजवला. इतका हुबेहूब, की शेजारचा माणूस जेवणाचा डबा घेऊन ड्युटीवर निघाला.

भोंग्यानं मान उचलली. तोंड उघडलं. आवाजच आला नाही. तरी तोंड किती तरी वेळ उघडंच ठेवलं त्यानं, माझा भोंगा संपेपर्यंत. आणि मला तो थांबवता येईना.

*

तिसऱ्यांदा डॉक्टरनं स्टोव्हवर सुई उकळली आणि तो वाट पाहत उकिडवा बसला. धनराज भिंतीकडे तोंड करून उभा. सरू कापसाच्या बोळ्यानं भोंग्याच्या तोंडात पाणी सोडून राहिली होती. पाणी परत बाहेर येत होतं.

मी म्हटलं, ''सरू, त्याचं सारं तूच केलं. तूच सांग डॉक्टरले.''

तिनं वर पाहिलं नाही. बोळा पिळला, पुन्हा बुडवला.

''थांब म्हणणारे इथं सारेच हायेत. खाली घ्यायचं बोट तुमचं हाय ना जी? मंग हात खिशात कावून घालून राहिले?''