डावीकडं कलणारी होडी

"हे तुमाला कुणी सांगितलं?"

मोटर बंद पडलीय म्हणून सांगायला गेलं, की आमचे मिस्त्री एक डोळा बारीक करून आधी हेच विचारायचे. आता मोटर बंद पडलीय हे कोण सांगणार? मोटरच सांगते. पण तेवढ्यानं मिस्त्रींचं समाधान व्हायचं नाही. ते उठायचे, स्वतः बटन दाबायचे, कान लावायचे आणि मग नाराजीनं म्हणायचे, "बंद हाय खरी."

तेलगावच्या रस्त्यानं गेला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पत्र्याचं दुकान, बाहेर उघड्या पडलेल्या पाणबुडी मोटरी, आणि आत भिंतीला पाठ लावून बसलेला हा वाळका माणूस. पाठ भिंतीला का, तर मागून कुणी येऊ नये. चहा आला की ग्लास उजेडाकडं धरून बघणार. पेट्रोल आणलं की दोन बोटांत चोळून वास घेणार. न्हाव्यानं नवं पातं लावलं तरी "जुनं कुटंय? दाखव," म्हणणार. मी एकदा वैतागून विचारलं, "मिस्त्री, बायकोच्या हातचं तरी न तपासता खाता का?" तर म्हणाले, "ती आधी खाती, मग मी खातो." खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक.

मी धरणावरच्या मच्छीमार संस्थेचा सेक्रेटरी. आमच्याकडं फायबरची एक छोटी होडी आहे, मागं इंजिन टांगलेली. पलीकडच्या काठावरून जाळी चोरायला लोक येतात, त्यांच्या मागं लागायला ती घेतलेली. होडी चालवायचा ज्ञानोबा. सगळा जन्म पाण्यावर काढलेला माणूस, बोलायला मात्र अगदी कमी.

झालं असं, की चोर दिसले की ज्ञानोबा होडी सोडायचा आणि आता हाताशी आलेच म्हणेपर्यंत वेग कमी करायचा. चोर पसार! एकदा झालं, दोनदा झालं. विचारलं तर म्हणायचा, "साहेब, लई पळवली की डाव्या अंगाला कलती. अजून ताणली तर उलटी व्हईल." मग एक दिवस अध्यक्ष स्वतः बसून फिरून आले. आमचे अध्यक्ष अंगानं भरभक्कम, त्यात पाण्याला घाबरणारे. उजव्या कडेला घट्ट धरून बसले आणि "हळू घे रे, हळू" करत परत आले. होडी सरळच्या सरळ. "कुटं कलती बे?" असं सगळ्यांसमोर त्यांनी ज्ञानोबाला विचारलं.

तिथून कुजबुज सुरू झाली. ज्ञानोबाला चोरांकडून हिस्सा मिळतो. मिस्त्रींनीही चहाच्या टपरीवर आपली भर घातली, "त्याच्यावर नजर ठेवा. गप माणूस लई डेंजर." आणि मी? मी नोटीस लिहिली. आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर काम सोडा. अक्षर माझं चांगलं आहे, ठसठशीत लिहिली. त्याच आठवड्यात त्याच्या पोरीची शिरूर कासारला ठरत आलेली सोयरीक अडकली. तिकडच्यांनी निरोप धाडला, "जरा थांबू." गोष्ट तिथवर पोचली होती.

सहाव्या दिवशी ज्ञानोबा एकटाच मिस्त्रींच्या दुकानात गेला. म्हणाला, "मिस्त्री, होडी कलती."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या ढुंगणानं," ज्ञानोबा म्हणाला. त्याच्या तोंडून असं वाक्य कधी कुणी ऐकलं नव्हतं. मिस्त्रींनी पान्यांची पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे काठावर. मिस्त्रींनी पहिलं काम काय केलं, तर ज्ञानोबाला खाली उतरवलं. "तू हितंच ऱ्हा. तुझ्यावर बी भरोसा न्हाई." स्वतः एकटे बसले आणि होडी ताणली. निम्म्या पाण्यात गेल्यावर आम्हाला काठावरून स्पष्ट दिसलं, होडीचं नाक वर उठलं आणि डावी कड पाण्यात रुतायला लागली. मिस्त्रींनी गपकन वेग सोडला आणि पांढरेफटक होऊन परत आले.

अध्यक्ष म्हणाले, "काय मिस्त्री, तुमी बी सामील का चोराला?"

कुणी हसलं नाही. ज्ञानोबानं तर वरही पाहिलं नाही.

मग दिवसभर संशयाचा बाजार! इंजिन मधोमध आहे का, दोरी लावून मापलं. मधोमध. पकडीचे बोल्ट ढिले आहेत का? घट्ट. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यावरची छोटी शेपटी वाकडी आहे का? सरळ. जाळी, डबे, नांगर सगळं उतरवलं. मला उजवीकडं बसवलं, मग डावीकडं, मग पुढं. मिस्त्री म्हणत होते, "पंखा एका अंगाला फिरतो, म्हणून थोडी कलणार, ते तिचं जन्माचं हाय. पण एवढी कावून?" मला तर वाटलं, हा आता पाण्यावरच संशय घेणार.

दुपारी होडी ओढून काठावर घेतली. ओढताना नऊ माणसांच्या नाकी नऊ आले. मिस्त्री तिथंच थबकले. "हलकी वस्तू हाय ही. एवढी जड कशी?" त्यांनी पान्याच्या मुठीनं होडी ठोकायला सुरुवात केली. पुढं टणटण वाजली. मागं ठोकली तशी भद्द भद्द. आमच्या होडीला खालचा तळ वेगळा आणि पाय ठेवायचा पाट वेगळा, मधे पोकळी. पावसाचं, उडालेलं पाणी स्क्रूच्या फटीतून त्या पोकळीत झिरपतं. ते सोडायला मागं एक भोक असतं, त्याला पितळी बूच. मिस्त्री वाकून ते बूच शोधायला लागले आणि वाकले ते वाकलेच राहिले.

बूच नव्हतंच. भोक होतं तिथं फायबरची लांबी, म्हणजे वाळून घट्ट होणारा लगदा, भरून वरून रंग मारलेला होता.

आता सांगतो, ते कुणी बुजवलं हे मला ठाऊक होतं. मागच्या उन्हाळ्यात बूच दोनदा चोरीला गेलं. पितळ ना, भंगारात जातं. तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "चोरट्यांचा मुलूख हाय. कायमचंच बुजवून टाकतो." मी तिथं उभा होतो, हो म्हणालो होतो; नंतर दोघंही विसरलो. मग पाणी जाणार कुठून? हळू चाललं की पोकळीभर पसरायचं, जोरात पळवली की मागं आणि डावीकडं धावायचं, की होडी आडवी. खरं सांगतो, त्या क्षणी मी मिस्त्रींवर संशय घेतला. वाटलं, आता हा गुपचूप भोक पाडेल, होडीच्या कंपनीला शिव्या घालेल आणि मोकळा होईल. मीही गप्प बसायच्या तयारीत होतो.

मिस्त्री सरळ झाले. "हे भोक मी बुजवलं. ज्ञानोबाची चूक न्हाई."

अध्यक्ष म्हणाले, "असू दे, असू दे, काढा पाणी."

ड्रिलनं लांबी फोडली तसं काळं, वास मारणारं पाणी भदाभदा बाहेर आलं. संपेचना. ज्ञानोबा उकिडवा बसून ते बघत होता. डोळे पुसावेत तर सगळे बघतील, म्हणून त्यानं तसंच वाहू दिलं.

संध्याकाळी होडी तीरासारखी सरळ पळाली. नोटीस मागं घ्यायचं ठरलं. संपलं म्हणून मी सायकल काढली, तर मिस्त्री मोटरसायकल घेऊन आडवे. मागच्या सीटवर ज्ञानोबा.

"जिथं जिथं मी बोललो, तिथं जाऊन सांगायचंय," मिस्त्री म्हणाले. "तुमी बी चला, सेक्रेटरी. नोटीस तुमच्या हातची हाय."

"माझ्या नोटिशीचं कागदोपत्री होईल की," मी म्हणालो. "ऑफिसात काम आहे."

त्यांनी माझ्याकडं एक डोळा बारीक करून पाहिलं. "मी बी संशय घेतला, सेक्रेटरी. पण होडीत बसून तपासला. तुमी खुर्चीत बसून घेतला."

त्या दिवशी ते टपरीवर गेले, न्हाव्याकडं गेले, दोन वस्त्यांवर गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून थेट शिरूर कासारला. तिथं म्हणे पाहुण्यांच्या ओसरीवर उभं राहूनच बोलले, "पाणी प्यायच्या आधी आयका. चूक माझी व्हती. ह्या माणसावर मी लई संशय घेतला, ह्याच्यात काई सापडलं न्हाई." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांनी जन्मात कुणाला दिलं नसेल. सोयरीक झाली. लग्नात मिस्त्री जेवणाच्या पंगतीपेक्षा मांडवाचे खांबच जास्त हलवून बघत होते.

त्यानंतर मी दुकानावरून गेलो की आतून हाक यायची, "सेक्रेटरी, कधी निघायचं?" कुठं, ते सांगत नसत. मी हसून हात हलवायचो. पुढच्या आठवड्यात, म्हणायचो. हंगाम संपू द्या, म्हणायचो.

मिस्त्री या हिवाळ्यात गेले. दम्यानं. ज्ञानोबा खांदा द्यायला होता, मीही होतो, एकाच बाजूला, तो पुढं आणि मी मागं. चालताना वाटलं, आता तरी त्याला बोलावं, चुकलं माझं. नाही बोललो.

ज्ञानोबा अजून आमच्याकडंच आहे. सकाळी ऑफिसात येतो, "साहेब, किल्ली," म्हणतो. मी किल्ली देतो. त्याचं घर ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि मला मागं बसवून तिथं नेणारा माणूस आता नाही.