चितळाचं दिल आणि तिघांच्या सह्या

दर रविवारी मी आर्णीच्या बाजारात जातो आणि बोकडाचं एक दिल घेऊन येतो. खाटीक ओळखीचा आहे. मी दिसलो की कलेजी, गुर्दा बाजूला सारून तो नुसतं दिल कागदात बांधतो. "एकट्याले तेवढं पुरते, काका," म्हणतो. खरंच पुरतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी पुण्याकडे असते, फोन करते. एक भाकर, एवढासा रस्सा, त्यातलाही अर्धा सकाळसाठी राहतो.

दिल शिजवण्यापेक्षा साफ करण्यात जास्त वेळ जातो. वरची चरबी काढायची. वरच्या टोकाच्या नळ्या कापून टाकायच्या. मग उभं चिरून पुस्तकासारखं उघडायचं, आत रक्ताच्या गुठळ्या असतात त्या बोटानं काढायच्या, पांढरे दोरे असतात ते सुरीच्या टोकानं. वरची पातळ चकचकीत साल सोलली नाही तर तुकडा तव्यावर गोळा होऊन बसतो. नंतर तासभर मिठाच्या पाण्यात ठेवायचं, पाणी दोनदा बदलायचं.

हे मला एका माणसानं शिकवलं, आणि ते दिल बोकडाचं नव्हतं, चितळाचं होतं. त्या चितळापायी तो माणूस चार महिने तुरुंगात राहिला. त्याला तिथं पाठवणाऱ्या कागदावर माझी सही आहे. कागदात लिहिलेलं खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. वीस-बावीस वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा मी गावचा पोलीस पाटील होतो. गावात भांडण झालं, कुणी विहिरीत पडलं, जंगलातलं जनावर मेलं, तर सरकारला पहिल्यांदा कळवायचं काम माझं. तो माणूस नाल्यापलीकडच्या पारधी बेड्यावर राहायचा. सहा-सात झोपड्या होत्या. त्याच्या बापानं आयुष्यभर शिकार केली, पण यानं सोडली होती. त्याची मुलगी लहानपणी तापानं जाता जाता वाचली, तेव्हा त्यानं देवीपुढं शपथ घेतली की हरणाला मारणार नाही आणि खाणार नाही. गावानं त्याला पिकांच्या राखणीवर ठेवलं होतं. रानडुकरं हाकलायचा, आरोळी द्यायचा. त्याची आरोळी ऐकली की आम्ही कूस बदलून झोपायचो.

थंडीचे दिवस होते, तुरी फुलावर आल्या होत्या. सकाळी माझा चुलतभाऊ धावत आला. गावच्या कुत्र्यांनी एक चितळ माझ्या तुरीत पाडलं होतं. आम्ही पोचलो तोवर ते मेलं होतं. मी कळवायला हवं होतं. चुलतभाऊ म्हणाला, "कळवलं तं जंगलवाले नेतीन आन जाळून टाकतीन. कुत्र्यायनं मारलं ना बे, आपन थोडी मारलं." तेवढ्यात पिठाच्या गिरणीवाला आला. तो आमच्या दोघांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानंही तेच म्हटलं. मला स्वतःला ते खावंसं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो. त्या दोघांनी मला भरीला घातलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

आमच्यापैकी कुणाला नीट सोलता येत नव्हतं. म्हणून त्याला बोलावलं. तो बांधावरच थांबला.

"कळवा, पाटील," म्हणाला. "मी नाही हात लावत. आमचं नाव लवकर येते."

"मी हाय ना," मी म्हटलं. "तुले काय होते?"

तो माझ्या शब्दावर खाली उतरला. घरून सुरी आणली आणि अर्ध्या तासात काम केलं, जमिनीवर रक्ताचा थेंब पडू न देता. पळसाच्या पानांवर वाटे घातले. कातडं चुलतभावानं माझ्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरलं.

आमच्याकडे जुनी रीत होती. माझ्या बापानं मला सांगितली, त्याला त्याच्या बापानं. रानातल्या जनावराचे वाटे सारखे घालायचे, पण दिल वाट्यात घालायचं नाही. ते एका घरी शिजवायचं आणि जितकी माणसं असतील तितके तुकडे करून सगळ्यांनी एकमेकांसमोर खायचं. ज्यानं दिल खाल्लं त्यानं त्या जनावराबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही. शपथ नको, काही नको. खाल्लं म्हणजे झालं.

ते दिल माझ्या घरी शिजलं. बायकोनं मागच्या अंगणातली चूल पेटवली. ती त्याच्याकडं पाहून म्हणाली, "भाऊजी, म्या कधी केलं नाही हे. तुमीच सांगा."

तो अंगणाच्या कडेला उकिडवा बसला आणि तिथूनच सांगत राहिला. "दिल म्हंजे काम करनारा गोश्त हाय, वहिनी. दिवसभर चालते बिचारं. त्याले एक तं झटक्यात काढा, नाही तं तासभर शिजवा. मधात काढलं की चामडं."

त्यानं तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली निखाऱ्यावरची. बोटाएवढे तुकडे, नुसतं मीठ आणि तिखट, बाभळीच्या ओल्या काडीत ओवून धरायचे. बाहेरून काळपट झाले की काढायचे, आत लालसर राहिलं पाहिजे. दुसरी तव्यावरची. लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवायचा, पातळ कापं, ठेचलेला लसूण, भरपूर कांदा, आणि कांदा आधी भाजून बाजूला काढायचा, कारण कांद्याला पाणी सुटलं की दिल उकडतं. तिसरी रश्शाची. सुकं खोबरं, खसखस आणि कांदा भाजून पाट्यावर वाटायचं, काळा मसाला, मंद आच, आणि शेवटी जवारीचं चिमूटभर पीठ पाण्यात कालवून लावायचं. हरणाच्या मांसाला चरबी नसते, म्हणून तेल हात राखून घालायचं नाही, हे त्यानं दोनदा बजावलं.

बायकोनं अर्धं निखाऱ्यावर केलं आणि अर्ध्याचा रस्सा. ताटं वाढली तेव्हा त्याचंही ताट वाढलं. त्यानं हात जोडले.

चुलतभाऊ म्हणाला, "पारधी असून हरन खात नाही! माळकरी झाला का बे?"

"माळ नाही जी," तो हसून म्हणाला. "देवीले शब्द देल्ला. आन देवी एकखेप माफ करीन, घरची बाई नाही करत."

सगळे हसले, बायकोसुद्धा. तिनं त्याला भाकर आणि कढी दिली, वर जवसाची चटणी. तो आमच्यापासून हातभर अंतरावर बसून जेवला. आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहून दिलाचे तुकडे तोंडात घातले. इतकं मऊ मांस मी आधी कधी खाल्लं नव्हतं. नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी कातडं उकरलं आणि ओढत ओढत बेड्याकडं नेलं. कुणीतरी पाहिलं, बातमी गेली, दुपारी जंगलखात्याची जीप आली. कातडं त्याच्या झोपडीपासून वीस पावलांवर सापडलं. झोपडीत सुरी सापडली. साहेबानं मला बोलावलं आणि म्हणाला, "पाटील, दोन पंच द्या."

मी चुलतभाऊ आणि गिरणीवाल्याला बोलावलं. गावात दीडशे घरं होती. मला तेच दोघे सुचले, कारण तेच दोघे बोलणार नव्हते.

साहेबानं जे दिसलं ते लिहिलं, त्यात त्याची चूक नव्हती. मग त्यानं मला विचारलं, "हा माणूस कसा आहे?" तेव्हा मी गप्प राहिलो असतो तरी पुष्कळ झालं असतं. मी म्हटलं, "याले पहिलेपासून शिकारीचा नाद हाय." साहेबानं ते वाक्य पोलीस पाटलाचं म्हणणं म्हणून कागदावर घेतलं. खाली आम्ही तिघांनी सह्या केल्या. ज्या तिघांनी दिल खाल्लं होतं तेच तिघे.

साहेबानं त्याला विचारलं, "सोबत कोण होतं?"

"मी एकटाच," तो म्हणाला. माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच्या बायकोला म्हणाला, "बकऱ्या बांधून घे, नाल्याकडं जातीन." आणि जीपमध्ये जाऊन बसला.

संध्याकाळी मी चुलतभावाला म्हटलं, आपण जाऊन सांगू. तो म्हणाला, "दिल खाल्लं आपन. इसरला का?"

"त्याचं काय?"

"त्यानं कुठं खाल्लं? तो आपल्यात नव्हताच."

मला ते पटलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला ते अगदी नीट पटलं. रीतीनं ज्याला धरलंच नव्हतं, त्याच्यासाठी रीत मोडायची कशाला?

चार महिन्यांनी तो जामिनावर आला. राखणीचं काम तोवर दुसऱ्याला दिलं होतं. ते ठरलं त्या बैठकीत मी खुर्चीवर बसलेलो होतो. पुढं सात-आठ वर्षं तो तारखांना जात राहिला. एकदा मी आणि तो एकाच एसटीत होतो. गाडी खच्चून भरलेली. मी चढलो ते पाहून तो उठला आणि म्हणाला, "बसा, पाटील." मी बसलो. आर्णीपर्यंत तो माझ्या डोक्यावरचा दांडा धरून उभा होता आणि मी खिडकीबाहेर पाहत होतो.

निकाल लागायच्या आधी तो काविळीनं गेला. खटला तिथंच संपला, आणि तो शिकारी नव्हता असं म्हणणारा कुठलाच कागद उरला नाही.

त्याला जीपमधून नेलं त्या दिवसानंतर माझ्या बायकोनं घरात दिल शिजवलं नाही. भांडली नाही. वर्षातून एखाद्या वेळी, भाजी निवडता निवडता, म्हणायची, "जाऊन या त्या बाईकडं." मी हो म्हणायचो. ती गेल्यावर असं म्हणणारंही कुणी राहिलं नाही. मग मी रविवारी दिल आणायला लागलो. का, ते मला सांगता येत नाही. त्या तीन तऱ्हा मी आळीपाळीनं करतो. शेजारच्या घरी टीव्ही चालू असतो, त्याचा आवाज ऐकत जेवतो.

या उन्हाळ्यात गिरणीवाला वारला. त्याच्या तेराव्याहून परत येताना मी घरी न येता नाल्यापलीकडं गेलो. त्या माणसाची बायको झोपडीपुढं तुराट्या मोडत बसली होती. आता तीही म्हातारी झाली आहे. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "त्यानं सांगलं व्हतं."

"मंग त्यानं साहेबाले काहून नाही सांगलं?"

"तुमच्या घरची भाकर खाल्ली म्हने त्या दिवशी. म्या लय भांडली त्याच्याशी. म्हटलं, एक भाकर पचाले चार महिने लागतेत का रे?"

तिनं पाणी दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

"आता कायले आले?" तिनं विचारलं.

"तुमाले सांगाले."

"मले सांगून का होते, पाटील? मले तं ठाऊकच व्हतं. ज्यायले ठाऊक नाही त्यायले सांगा. माह्या पोरीले अजून शिकाऱ्याची पोरगी म्हनते हे गाव. तिच्या सासरी जाऊनबी लोकं तेच सांगतेत. आन जिच्यासाठी त्यानं हरन सोडलं ती हेच पोरगी."

आठ दिवसांनी मी चुलतभावाकडं गेलो. तो आता खाटेवरच असतो. मी ग्रामसभेत सांगणार आहे म्हटल्यावर उठून बसला.

"येडा झाला का? मेलेल्या मानसाले का करशीन खरं-खोटं?"

"त्याची पोरगी जिती हाय."

"दिल खाल्लं आपन."

"खाल्लं," मी म्हटलं. "चांगलं शिजलं व्हतं. त्यानंच सांगलं व्हतं कसं शिजवाचं."

तो पुन्हा खाटेवर आडवा झाला. मग म्हणाला, "माह्यं नाव घेऊ नको." मी म्हटलं, तुझं घेत नाही, माझं घेतो. तेव्हापासून त्याच्या घरून मला बोलावणं नाही. दिवाळीचा डबा यायचा, तोही आला नाही.

ग्रामसभेला चाळीसेक माणसं होती. पाणी, रस्ता, घरकुलांची यादी असे विषय झाले आणि मी हात वर केला. तरुण पोरं मोबाइल पाहत होती. मी चार पानं लिहून नेली होती, कारण तोंडानं सांगायला गेलो तर मी वाक्यं मऊ करीन हे मला माहीत होतं. वाचायला लागलो. तुरीतलं चितळ, मी हाय ना म्हटलं ते, धुऱ्यावर पुरलेलं कातडं. मोबाइल खाली झाले. कुणीतरी म्हणालं, "आता कायले हे, काका?" सरपंचानं त्याला गप्प केलं.

मग ते वाक्य आलं. त्याला शिकारीचा नाद आहे असं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं, असं मी लिहिलं होतं. तिथं माझा आवाज बसला. ओठ हलत होते, पण मलाच ऐकू येत नव्हतं.

त्याची बायको दारापाशी, सगळ्यांच्या मागं बसली होती. तिची मुलगी तिच्या शेजारी होती, सासरहून आलेली. मुलगी येईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मोठ्यानं वाचा, पाटील," म्हातारी तिथून म्हणाली. "इकडं ऐकू नाही येत."

मी पहिलं पान वर घेतलं आणि सुरुवातीपासून पुन्हा वाचलं.