आहेर न घेणाऱ्या व्याह्यांचा संगणक

धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत आजवर जितके नकार दिले गेले असतील, त्यांतले निम्मे एकट्या माझ्या व्याह्यांनी दिलेले आहेत. आमच्या घरची मंडळी त्यांना हेकट म्हणतात. मला ते मान्य नाही. हेकट मनुष्य हवे ते मागतो. या गृहस्थांना मुळी काही नकोच असते. मंडईत भाजीवाली मेथीच्या जुडीवर चार काड्या कोथिंबीर ठेवून म्हणते, "घ्या ना मास्तर, फुकट शे!" आणि मास्तर त्या काड्या उचलून पुन्हा तिच्या टोपलीत ठेवतात. लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' असे छापणारे पुष्कळ असतात. पण लेकीच्या लग्नात आलेला आहेर दुसऱ्या दिवशी सायकलवरून घरोघर परत पोहोचवणारा वधूपिता मी हा एकच पाहिला. त्यात आम्ही नेलेली टॉवेल-टोपीही होती. "आबा, राग मानू नका," ते मला म्हणाले, "पण टोपी मला आहे."

धुळ्यात त्यांची टंकलेखनाची शाळा आहे. टाइपरायटर गेले, सहा संगणक आले, आणि तेही आता इतके म्हातारे झाले, की नवी प्रणाली त्यांना पेलेना. शिकायला येणाऱ्या चार-पाच जणी उरल्या होत्या, बहुतेक संसार सांभाळून परीक्षा देणाऱ्या. मास्तरांनी पाटी उतरवून आता स्वस्थ बसावे, असे आमच्या घरात एकमताने ठरले आणि मुलाकडचा वडीलधारा म्हणून मला तो निरोप घेऊन धुळ्याला पाठवण्यात आले.

मी पोहोचलो तेव्हा मास्तर एका यंत्रापुढे ताठ बसले होते. त्यांनी त्यावर जुन्या यंत्रांनाही पेलणारे लिनक्स घातले होते. ते फुकट मिळते हे ऐकून मी खोचकपणे विचारले, "फुकटचे कसे चालले तुम्हाला?"

"तो आहेर नव्हे, गावविहीर आहे," ते म्हणाले. "पोहरा आपला, दोर आपला."

पोहरा मात्र रिकामाच वर आला होता. पडदा काळा ठिक्कर, आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ. परीक्षेच्या सरावाचा कार्यक्रम चित्रांच्या पडद्यावाचून, म्हणजे डेस्कटॉपवाचून, उघडत नाही, आणि तो पडदा काही केल्या येईना. मी निरोप सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. "संध्याकाळपर्यंत एक तरी यंत्र लागले नाही, तर पाटी मीच उतरवीन."

आतून विहीणबाई अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठं जग पुढे गयं, आन ह्या अजून पाटी धरी बठेल शेतस!"

पडदा सुरू करण्याचा हुकूम मास्तरांनी टंकला. असा हुकूम इथे नाही, असे यंत्राने कळवले. चूक बोटांचीच असणार, या गुरुजनसुलभ समजुतीने त्यांनी तो पुन्हा टंकला. मग डोळे मिटून. मग पाठ सरळ करून, मनगटे उचलून, परीक्षकापुढे टंकावा तसा. एकही अक्षर चुकले नाही आणि उत्तरही बदलले नाही. शेवटी मी विचारले, "मास्तर, हे घालताना यंत्राने तुम्हाला काही विचारले होते का?"

"एक यादी दाखवली होती. सोबत हेही घ्या, तेही घ्या. आधीच खुणा करून ठेवलेल्या! मी सगळ्या खुणा काढून टाकल्या."

त्यांनी छापून आणलेल्या सूचनांत ती यादी मी शोधली. पहिलीच वस्तू चित्रांचा पडदा ही होती.

"मास्तर, तुम्ही पडदाच परत पाठवलात!"

त्यांनी ते वाचले आणि चष्मा काढला. "मग राहू द्या. एकदा नको म्हटलेले पुन्हा मागायचे नसते." एवढे बोलून ते उठले, स्टूल दाराशी नेले, वर चढले आणि पाटीला हात घातला.

मुलाकडचा म्हणून मी आयुष्यात कधी तोरा मिरवला नाही. (सूनबाईंचे म्हणणे वेगळे आहे, त्याकडे लक्ष देऊ नये.) त्या दिवशी मात्र मिरवला. "उतरा खाली," मी म्हणालो. "हा आहेर नाही, मानपान आहे. मुलाकडच्यांनी देऊ केलाय. घ्यावाच लागेल."

मुलाकडच्यांचा शब्द मोडायचा नाही, ही रीत. मास्तरांनी पाटीवरचा हात काढला. मग उतरले.

मोबाइलवरून इंटरनेट जोडून ती यादी पुन्हा मागवली. सगळे उतरून घ्यायला शेवभाजीचे जेवण होऊन सुपारी कातरण्याइतका वेळ लागला. यंत्र बंद करून सुरू केले. काळोख, काळोख, आणि एकाएकी निळा पडदा. मधोमध एक चिमुकला बाण. मास्तरांनी तो माउसने जरासा हलवून पाहिला. "आबा," ते हळूच म्हणाले, "आला की हो!"

माझा मुलगा सांगतो, उपाय त्यानेच फोनवरून सांगितला. त्या दिवशी त्याचा फोन लागतच नव्हता. विहीणबाई देवीला बोललेल्या नारळाला श्रेय देतात. आणि पाटी उतरवायला पाठवलेला मी फितूर झालो, असे सारे घर म्हणते. हे खरे आहे. पण त्यांच्या तोंडून मी ते ऐकून घेणार नाही.

पुढचे प्रत्येक यंत्र लावताना मास्तरांचा मला जळगावला फोन येई. "आबा, यादी समोर आहे. तुमचा शब्द हवा." मी गंभीरपणे म्हणे, "घ्या." मग तासभर इकडच्या तिकडच्या गोष्टी होत. अशी पहिले धरून पाच यंत्रे लागली. सहावे अजून काळेच आहे. ते का लावत नाहीत, हे मी विचारत नाही. परवा त्यांचा फोन आला, तासभर बोललो, आणि ठेवताना ते म्हणाले, "सहाव्याचे बघू पुढे कधीतरी."

"घाई नाही, मास्तर," मी म्हणालो.