साडूचा 'शे'

जगात निष्ठा म्हणून जी काही शिल्लक आहे, ती सगळी माझ्या साडूने एका रॅपरच्या पायाशी नेऊन ठेवली होती. साडू यावलचा, केळी पिकवणारा, चाळिशी ओलांडलेला. तरीही बागेत पाणी धरताना टोपी उलटी घालायचा. त्याच्या मोटारसायकलला स्पीकर बसवलेला. जळगावात तो आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आला की आधी गाणं घरात शिरायचं, बायको चहा ठेवायची, आणि मग साडू यायचा. स्वतःच्या लग्नात त्याने बँडवाल्यांकडे याच रॅपचा हट्ट धरला होता. बँडमास्तर म्हणाला, "याला चाल कुठंय?" तेव्हा नवरदेवाने घोड्यावरूनच शब्द म्हटले आणि बिचाऱ्या ढोलवाल्याने कशीबशी साथ केली. सासरेबुवा आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत.

या वेडाचं मूळ मला उशिरा कळलं. पुण्याच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी हजेरीला 'आहे' म्हणायच्या जागी तो सवयीने आपल्या खान्देशी बोलीत "शे, सर" म्हणाला आणि वर्ग खदखदून हसला. मग वर्षभर त्याचं नावच 'शे' पडलं. पठ्ठ्याने तोंड उघडणं सोडलं. तेवढ्यात धुळ्याच्या या रॅपरचं गाणं कानावर आलं. त्यात ओळीओळीच्या शेवटी शे, आणि तोही छाती पुढे काढून म्हटलेला! "माले वाटनं, हाऊ मना घरना माणूस शे," असं त्याने मला सांगितलं होतं. तेव्हापासून तो बँकेत, तहसील कचेरीत, कुठेही बेधडक आपल्या बोलीत बोलायचा.

यंदा बऱ्याच वर्षांनी 'भाऊ'चा, म्हणजे त्या रॅपरचा, नवा अल्बम आला. साडूने आम्हा सगळ्यांना यावलला बोलावलं. अंगणात सतरंजी, भरीत-पुरीचा बेत, खाटेवर स्पीकर. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. सगळीकडे 'आहे' आणि 'है'. साडू मान डोलवत होता, पण ठेका चुकत होता. चौथ्या गाण्यात एकदाचा शे आला. एका गावंढळ, बावळट माणसाच्या तोंडी आला, आणि त्याच्या मागे पुष्कळ लोक हसल्याचा आवाज टाकलेला होता.

साडूने उठून स्पीकर बंद केला. मी म्हटलं, "अहो, मोठा झालाय तो, सगळीकडे चालायला हवं ना."

"लोके हसतस, हसू द्या साडूभाऊ," तो म्हणाला. "पन भाऊ काबर हसना?"

भाऊ का हसला, हा प्रश्न टाळत मी स्पीकर उचलून आत नेऊन ठेवला. भरीत तसंच राहिलं.

त्यानंतर फोनवर "कसे आहात?" विचारलं की तो "बरा आहे" म्हणायचा, अगदी छापील मराठीत. ते ऐकून मला फार वाईट वाटायचं.

परवा त्याचा फोन आला, "घरी आहात का?" सगळे घरी आहोत, हे मी होतं नव्हतं तेवढं बळ गोळा करून त्याच्या बोलीत म्हटलं, "आम्ही बठ्ठा घर शे!"

तिकडून खाकरून तो म्हणाला, "शे नही, साडूभाऊ. बठ्ठा शेतस. इतला वरीस जावई शेतस खान्देशना, आनि हाई मराठी!"

थोड्या वेळाने तो आला. कोपऱ्यावरून गाणं ऐकू आलं नाही, त्यामुळे चहा ठेवलेलाच नव्हता. केळीची फणी ओट्यावर ठेवत त्याने माझ्या बायकोला हाक मारली, "अक्का, चहा शे ना?"

"शे, शे," ती आतून म्हणाली आणि घाईघाईने गॅस पेटवला.