खुशीनं देणारा सोडियम

लातूरच्या क्लासवाल्यांत बसवंत सरांचं नाव आहे ते सुपाऱ्यांमुळे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या या माणसानं कित्येक वर्षांत परीक्षानळी हातात धरलेली नाही. पूजेच्या दुकानातल्या सुपाऱ्यांची पिशवी मात्र कायम गाडीत असते.

बसवंत मूळचा नांदेडजवळच्या लोह्याचा. एम.एस्सी. झाल्यावर किनवटकडच्या एका आश्रमशाळेत तो शिकवायला लागला. तिथं तो खरंच शिकवायचा आणि पोरं झोपायची. लातुरात आल्यावर त्याला कळलं की इथं शिकवता आलं नाही तरी चालतं, हॉल हसवता आला पाहिजे. तो हसवू लागला.

यंदा क्लासच्या मालकीणबाई उमादेवी नांदेडला शाखा काढत होत्या. त्या शाखेचा प्रमुख व्हायची बसवंतला घाई झाली होती. बाईंनी साफ सांगितलं होतं, "नांदेडच्या डेमोला पालक खूश झाले तर शाखा तुमची. नाहीतर मी बाहेरून माणूस आणते."

डेमोला हॉल गच्च भरला. बसवंतनं समोरच्या पोरांतून आदर्श नावाच्या एकाला उठवून सोडियम केलं, त्याच्या हातात इलेक्ट्रॉन म्हणून एक सुपारी दिली. इस्लापूरहून आलेली भार्गवी क्लोरीन झाली. तिच्या ओंजळीत सात.

"सोयरीक जमवताना पाहुणे माजघरात शिरतात का? ओसरीवर बसतात. अणूचंही तसंच. बंध जुळतो तो सगळ्यात बाहेरच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांवर. सोडियमच्या ओसरीवर एक, क्लोरीनच्या ओसरीवर सात. आठ झाले की घर भरलं. हा खुशीनं देतो, ती खुशीनं घेते. झालं मीठ!"

आदर्शनं सुपारी दिली. हॉलनं शिट्ट्या मारल्या. आया पदर तोंडाला लावून हसल्या.

भार्गवी मात्र सुपाऱ्या धरून तशीच उभी. "सर, खुशीनं देतो, तर मग तो इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा का द्यावी लागते? पुस्तकात तसं दिलंय."

उत्तर बसवंतच्या ओठांवर आलं होतं. सोडियम कसला दानशूर! त्याचा इलेक्ट्रॉन ओढूनच काढावा लागतो. क्लोरीन तो घेताना थोडी ऊर्जा सोडतो, पण तेवढ्यानं खर्च भागत नाही. भागतो तो पुढे, विरुद्ध प्रभारांचे असंख्य आयन एकमेकांना चिकटून स्फटिक रचतात तेव्हा. सांगायला फार वेळ लागला नसता.

पण त्यानं पालकांकडे पाहिलं. तिथल्या एकाही बापाला मीठ कसं बनतं हे जाणून घ्यायचं नव्हतं. पोरगा डॉक्टर कसा बनतो, एवढंच हवं होतं.

"बाळा, एका मार्काला तरी येतं का हे?" त्यानं डोळे मिचकावले.

हॉल खदखदला. मागून एक बाप ओरडला, "लई शहाणी हाय पोरगी! सर सांगून राहिले ते लिहून घे की."

"हाव, बस खाली!" दुसऱ्यानं री ओढली.

भार्गवीनं सुपाऱ्या टेबलावर ठेवल्या आणि ती जागेवर जाऊन बसली. नंतर प्रवेशाच्या खिडकीवर झुंबड उडाली.

उमादेवींनी बसवंतला बाजूला घेतलं. "तुम्हाला उत्तर येत होतं?"

"येत होतं, मॅडम."

"दिलं नाहीत, छान केलंत. ते बोलत बसला असतात तर अर्धे पालक उठले असते. शाखा तुमची."

बसवंत फुगून बाहेर आला. भार्गवी जिन्यापाशी उभी होती. आता आजूबाजूला कुणी नव्हतं, पदही पदरात पडलं होतं. दिलदार व्हायला त्याचं काही जात नव्हतं.

"अगं, ते ऊर्जेचं. असं समज, नवरदेवाचा बाप जरा चिक्कू आहे. वऱ्हाड दारात आलं तरी त्याचा हात काही सुटत नाही..."

"सर, सोडियमचं सांगा ना."

त्यानं तोंड उघडलं. नवरदेवाशिवायचं एखादं वाक्य शोधलं. मघाशी ओठांवर आलेलं आता जुळेना. वऱ्हाडामागून वऱ्हाडच येत राहिलं. पोरगी त्याच्या तोंडाकडे बघत थांबली होती.

"तू प्रवेश घेतलास का?" त्यानं विचारलं.