भातकुलीच्या पैलवानामागे

मी स्वतः कधी कुस्ती खेळलो नाही. लहानपणी विहिरीच्या थारोळ्यावरून, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडावरून पडलो, उजवा हात कोपरात मोडला आणि तो वाकडाच बसला. आखाड्यातल्या वस्तादांनी हात बघितला आणि म्हणाले, "तू बाहेर बसून पाह्य." मी बाहेर बसलो, आणि मग आयुष्यभर बाहेर बसूनच कुस्त्या पाहिल्या.

अमरावतीच्या परकोटाबाहेर आमचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या, आणि दिवाळीच्या सुमारास शेवंती. पहाटे माल तोडायचा, सकाळी पेठेत विकायचा, दुपारनंतर मी मोकळा. त्या वर्षांत पेठ ओसंडून वाहत होती. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती, तिकडचा कापूस अडकला होता, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या बोंडांसाठी मुंबईचे दलाल रांगा लावत होते. गाड्यांमुळे पेठेत पाय ठेवायला जागा नसायची. ज्यांच्या घरी कालपर्यंत आंबील होती, त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. याच काळात कुस्त्यांनाही रंग आला. प्रत्येक व्यापाऱ्याला आपला एक पैलवान हवा होता.

माझी बहीण भातकुलीला दिलेली. एका पोळ्याला मी तिच्याकडे गेलो होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, गावाबाहेरच्या पडीत कुस्त्या लागल्या. शेवटच्या जोडीला गावातला एक पोरगा उभा राहिला. सतरा-अठरा वर्षांचा, उंच, हडकुळा, हात गुडघ्यापर्यंत येतील असे लांब. समोरचा दर्यापूरकडचा गडी, याच्या दुप्पट. माणसं हसली. माझा मेहुणा म्हणाला, "याच्या बापाची वावरं आमच्या धुऱ्याले लागून आहेत. पोरगं उगाच मार खाईन."

पोरगा मार खाईल असं मलाही वाटलं. दर्यापूरचा गडी मानेवर हात टाकून त्याला रेटू लागला. पोरगा विरोध करेना. रेटला तितका मागे सरकला. आणि मग एकदम त्याचा डावा पाय अर्धं पाऊल मागे गेला, कंबर फिरली आणि तो आडदांड गडी स्वतःच्याच जोरानं त्याच्या कमरेवरून पलटून पाठीवर पडला. धूळ उडाली. क्षणभर कोणालाच कळलं नाही की कोण खाली आहे. मग भातकुलीची माणसं फेटे उडवू लागली.

मी मात्र जागचा हललो नाही. ते अर्धं पाऊल माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

त्यानंतरची दोन वर्षं मी त्याच्या मागे हिंडलो. जिथं त्याची कुस्ती, तिथं मी. बडनेरा, वलगाव, चांदूर, अमरावतीचा शिमग्याचा आखाडा. एकदा मेथीच्या जुड्या तशाच पेठेत शेजाऱ्याच्या हवाली करून वलगावला गेलो, तर त्या सगळ्या सुकल्या. बायको म्हणाली, "तुमी माये नवरे आहा का त्या पैलवानाचे, हे एकदा सांगून द्या." मी हसलो. पण तिला काय सांगणार? तो जिंकला की चार दिवस माझी मोट हलकी चालायची. त्याच्या तेरा कुस्त्या मी पाहिल्या, त्यातल्या अकरा त्यानं मारल्या, दोन बरोबरीत सुटल्या. गर्दीत तो मला चेहऱ्यानं ओळखायला लागला होता. नाव ठाऊक नव्हतं. "वांगेवाले दादा" म्हणायचा, आणि तेवढं मला पुरायचं. पेठेत मात्र मी त्याच्याबद्दल असं बोलायचो, जणू माझ्याच मळ्यात वाढला आहे.

तिसऱ्या वर्षी अकोल्याच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं त्याला अमरावतीत पाहिलं आणि आपल्याकडे ठेवून घेतलं. राहायला खोली, रोजचं दूध, तूप, बदाम, मालिश करायला माणूस. पोरगं सडपातळ आहे, अंग भरलं तर वऱ्हाडात त्याला जोड उरणार नाही, असं तो व्यापारी म्हणायचा. आम्हा सगळ्यांना ते पटलं. निघायच्या दिवशी मी त्याला पेठेच्या तोंडाशी गाठलं आणि म्हणालो, "खूप खाजो. असा भरून ये का दरवाजातून आडवा निंघाले पायजे." तो लाजून हसला. त्याची आई गाडीजवळ उभी होती. ती म्हणाली, "याले दूध पचत नाई, बापा." तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

पुढच्या फाल्गुनात अकोल्याला त्याची मोठी कुस्ती ठरली, बऱ्हाणपूरकडच्या एका नामांकित पैलवानाशी. मेहुण्याच्या कापसाच्या गाड्या तिकडेच निघाल्या होत्या. मी एका गाडीत कापसावर बसून निघालो. तीन दिवस लागले. मूर्तिजापूरच्या पुढे सडकेकडेला आगगाडीसाठी मातीचे भराव टाकणं चालू होतं. शेकडो माणसं टोपल्या वाहत होती. मेहुणा म्हणत होता, पुढच्या खेपेला आपण याच्यावरून जाऊ. मला त्यात रस नव्हता. मी मनात कुस्ती खेळत होतो.

आखाड्यात तो उतरला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. खरंच नाही. मान खांद्यात बुडाली होती, पोट लंगोटावर आलं होतं. शेजारचा म्हणाला, "काय तब्येत कमावली हो." मी मान डोलावली आणि त्याच्या डाव्या पायाकडे बघत राहिलो. सलामी झाली. बऱ्हाणपूरचा पैलवान मानेवर हात टाकून रेटू लागला, आणि हा, जो आयुष्यात कधी रेटारेटीत पडला नव्हता, तो उलट रेटू लागला. अंगात जोर आला होता ना, तो वापरावासा वाटला असेल. दोन बैलांसारखे ते बराच वेळ एकमेकांना ढकलत राहिले. मग त्याला जुना डाव आठवला असावा. कंबर फिरली, पण पाय जागचा हलला नाही. बऱ्हाणपूरवाल्यानं तसंच त्याला खाली घेतलं आणि उजवा हात अंगाखाली सापडून खांदा निखळला. तो पाठीवर पडून आभाळाकडे बघत राहिला.

व्यापारी आपल्या मंडळींसह उठून गेला. मी पोराजवळ जायला हवं होतं. आखाडा आणि मी, यांत वीस पावलांचं अंतर असेल. मी गेलो नाही. गाडीतळावर येऊन बसलो.

त्याच उन्हाळ्यात बातमी आली की समुद्रापलीकडची लढाई थांबली. कापसाचा भाव असा पडला की पेठेतल्या गाड्या तीन-तीन दिवस न विकता उभ्या राहू लागल्या. अकोल्याच्या व्यापाऱ्यानं आधी घोडा काढला, मग पैलवान. तो भातकुलीला परत आल्याचं बहिणीकडून कळलं.

पेठेत लोक मला विचारत, "काहो, तुमचा पैलवान पडला म्हन्ते." मी म्हणायचो, "मी पहिलेच म्हटलं होतं. त्या पोरात दम नोयता." एक दिवस हे बोललो तेव्हा मागे बायको वांग्यांची पाटी घेऊन उभी होती. घरी आल्यावर भाकरी वाढताना म्हणाली, "तो जिकत होता तवा तुमचा होता. आता काहून नाई?"

मी म्हणालो, "तुले कुस्तीतलं काय समजते?"

"कुस्तीतलं नाई समजत," ती म्हणाली. "तुमी त्याले खाय खाय म्हनून पाठवलं, हे मले सांगितलं होतं तुमीच. इतकं समजते."

त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही.

आठ दिवसांनी मी टोपलीभर वांगी घेऊन भातकुलीला गेलो. त्याच्या घरी जाण्याचं माझं काहीच नातं नव्हतं. आई दारात होती. तिनं मला ओळखलं, पाणी दिलं आणि वावराकडे बोट दाखवलं. तो कापसाच्या पऱ्हाटीत निंदण करत होता, डाव्या हातानं. उजवा हात अंगाशी धरलेला. अकोल्याचं मांस उतरून गेलं होतं, पण चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसत होता.

"वांगेवाले दादा," तो म्हणाला. "तुमी इकडं कसे काय?"

मी वाटेत बरंच काही ठरवलं होतं. शेवटी एवढंच म्हणालो, "मी अकोल्याले आलो होतो. तुया कुस्तीले. तू पडल्यावर तसाच निंघून गेलो. मले लाज वाटून राहिली."

त्यानं विळा मातीत खोचला. मग त्यानं जे विचारलं त्याची मला कल्पना नव्हती. "दादा, मले आतून काईच कळलं नाई. तुमी बाहेरून पाह्यलं. मी काहून पडलो?"

आजवर मला कोणी कुस्तीतला डाव विचारला नव्हता. मीच सांगत सुटायचो. मी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसलो आणि म्हणालो, "तुया पाय नाई हलला." मग त्याला भातकुलीची ती पहिली कुस्ती सांगितली. वलगावची सांगितली, चांदूरची सांगितली. कुठं डावा पाय किती मागे गेला, कुठं त्यानं समोरच्याला तीन वेळा रेटू दिलं आणि चौथ्यांदा फिरला, सगळं. मला सगळं पाठ होतं. तो ऐकत गेला. मध्येच उठून उभा राहिला, माझ्या वाकड्या हाताला धरून म्हणाला, "मले रेटा." मी रेटलं. तेवढ्या रेट्यानं त्या भुसभुशीत मातीत त्याचा पाय आपोआप मागे गेला. दोघांच्याही ते लक्षात आलं. तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

खांदा बरा व्हायला वर्ष लागलं. गावातल्या हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं रोज तीळतेल चोळलं. दूधतूप काही नव्हतं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आणि मी नेईन ती भाजी. महिन्यातून दोनदा मी जायचो. वऱ्हाडात तेव्हा जो तो पडल्या भावाच्या गोष्टी करत होता, आणि आम्ही दोघं वावराच्या कडेला एका पावलाची गोष्ट करत होतो.

त्याच्या पुढच्या कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेत तो पुन्हा उतरला. वर्धा नदीच्या वाळूत आखाडा केला होता. जोड लावायला पंच फिरत होते, तेव्हा बऱ्हाणपूरचाच तो पैलवान उभा राहिला आणि हात वर करून म्हणाला, भातकुलीवाल्याशी लावा. मला वाटलं, नको, इतक्यात नको. पण पोरानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ जाऊन हात मिळवला.

ती कुस्ती इतकी चालली की नदीत आंघोळीला गेलेली माणसं परत येऊन पाहू लागली. बऱ्हाणपूरवाला रेटायचा, हा सरायचा. दोनदा त्यानं बऱ्हाणपूरवाल्याला गुडघ्यावर आणलं. एकदा तो स्वतः खाली गेला, उजवा खांदा वाळूत दबला, पण तो सापासारखा निसटून उठला. ऊन उतरलं तेव्हा पंचांनी दोघांना सोडवलं. बरोबरी. बऱ्हाणपूरच्या पैलवानानं याच्या अंगावरची वाळू आपल्या हातानं झाडली आणि म्हणाला, "अगली बार अमरावती में."

येताना गाडीत त्याची आई पदरात यात्रेच्या लाह्या बांधून बसली होती. ती दर थोड्या वेळानं त्याच्या खांद्याला हात लावून बघे.

अमरावतीची कुस्ती नागपंचमीला लागली, आमच्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी महिनाभर आधीपासून जागा हेरून ठेवली होती. आणि त्याच सकाळी बायकोला कळा सुरू झाल्या. सुईण आत, मी अंगणात. बायको आतून म्हणाली, "जा तुमी, पाहून या." मी गेलो नाही. खरं सांगतो, दोनदा कवाडापर्यंत गेलो आणि फिरलो.

दुपारी आखाड्याकडून एक गजर आला. असा मोठा की पारवे उडाले. कोणाच्या नावाचा ते कळेना. त्याच सुमारास आत मूल रडलं. सुईणीनं मुलगी झाली म्हणून सांगितलं, मी आत जाऊन तिचं तोंड पाहिलं, आणि बायकोनं डोळे मिटूनच विचारलं, "पडला का पाडला?"

"मालूम नाई," मी म्हणालो.

दिवस कलायच्या आत तोच मळ्यात आला. कानात माती, डोक्याला बक्षिसाचा नवा फेटा, मागे वीस-पंचवीस माणसं. मला पाहून तो तिथंच थबकला आणि म्हणाला, "दादा, तुमी दिसले नाई. मी तीनदा पाह्यलं तुमच्या जाग्याकडं." मी त्याला मुलगी झाल्याचं सांगितलं. मागच्या वीसजणांनी एकाच वेळी मला कुस्ती सांगायला सुरुवात केली. प्रत्येकाची कुस्ती वेगळी होती. एक म्हणाला पहिल्याच रेट्याला पाडला, दुसरा म्हणाला घटकाभर झुंजले. मी कोणाचंच धरलं नाही. त्याचा चेहरा बघत राहिलो.

त्यानं हातपाय धुतले, ओसरीवर बसून वांग्याची भाजी आणि तीन भाकरी खाल्ल्या. बायकोनं आतून सांगून पाठवलं की त्याला आणखी वाढा. तो नको म्हणाला. दुसऱ्या दिवशी वावरात डवरणी, म्हणजे कोळपणी होती, बाप एकटाच होता. फेटा काढून त्यानं काखेत मारला, आणि उजेड असेतोवर पोचायचं म्हणून भातकुलीच्या वाटेला लागला.